मालकांच्या परसातला नेम

शिवणकारखान्याचे मालक दरवर्षी कामगारांना घरी बोलवून परसात रिंगांचा खेळ मांडत. एक खुंटी, प्रत्येकाला पाच रिंगा. कामगारांच्या रिंगा गवतात पडत, मालकांच्या तेवढ्या खुंटीवर बसत. मग ते खदाखदा हसत, "सुईत दोरा ओवता येतो, आणि एवढं साधं जमत नाही?"

यंदा मात्र काजं करणाऱ्या बाईने त्यांचं नाक कापायचा चंग बांधला होता. तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा याच माणसाने "आधी ऑर्डर, मग वडील," म्हणत तिची रजा नाकारली होती. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून ती रोज घरामागे काठी रोवून रिंगा टाकत होती. हात सैल, रिंग आडवी, झटका फक्त मनगटाचा.

मालकांच्या चार बसल्या. तिच्या पाचही.

"नशीब एकेकाचं!" मालक कसनुसं हसले. "चला, पुढे कोण?"



पंधरा वर्षं मालकांची मर्जी राखायला मुद्दाम हरत आलेले कटिंगमास्तर तिच्याकडे बघून उठले, मागोमाग इस्त्रीवाला, मग दोघी शिलाईवाल्या. आणि त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणाचीच एकही रिंग गवतात पडली नाही.