आरशातला उस्ताद

दाढी-कटिंगचं दुकान चालवणाऱ्या उस्तादने ऑनलाइन जुगाराचं खातं स्वतःहून बंद करून टाकलं. फोनही बायकोच्या हवाली करूनच तो दुकानात यायला लागला. "हात कामात गुंतवा, सुटेल आपोआप," ती म्हणाली होती. आणि खरंच सुटलं.

एका दुपारी मास्तर दाढीला बसले. गिऱ्हाइकाशी आरशात बघून बोलायची उस्तादची सवय, पण वस्तरा गळ्याशी आला की त्याची नजर पात्यावरून हलत नसे.

"उस्ताद, आधी तो खेळ उरका, मग वस्तरा चालवा," मास्तर चिडून म्हणाले.

"कसला खेळ, मास्तर? फोन घरी आहे माझा."

"मग हातात काय आहे?"

उस्तादच्या एका हातात वस्तरा होता, दुसऱ्या हाताने त्याने मास्तरांची हनुवटी धरली होती.

त्याने आरशात पाहिलं. तिथला उस्ताद मास्तरांच्या गळ्याला वस्तरा लावून, दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये डोकं खुपसून उभा होता. अंगठा भराभर चालला होता.

उस्तादने घाईघाईने वस्तरा टेबलावर ठेवला.

आरशातल्याने ठेवला नाही.

"वस्तरा ठेवल्याचा आवाज तर आला," मास्तर डोळे घट्ट मिटत म्हणाले. "मग गळ्याला अजून गार कसं लागतंय?"