भरताची वांगी

गावभर पिकणाऱ्या बीटी कापसाच्या काड्यांवर आईने वांगी भाजली, त्याच्याच सरकीच्या तेलात भरीत फोडणीला घातलं आणि शेतात जमलेल्या भाऊबंदांना वाढलं.

“वहिनी, ही वांगी हिच्या प्रयोगशाळेतली तर नाहीत ना? ती जनुक बदललेली?” धाकट्या काकांनी माझ्याकडे बोट दाखवत विचारलं. सगळ्यांचे हात पानावरच थांबले.

“तिचीच आहेत,” आई म्हणाली आणि तिने पहिला घास घेतला. भाऊबंद एकेक करून चपला घालून निघून गेले.

“आई, ही तर आपल्या बांधावरची साधी वांगी. सांगितलं असतंस तर सगळे जेवले असते.”

“जेवले असते.” तिने माझ्या पानात आणखी भरीत वाढलं. “पण माझी लेक ज्यांना चालत नाही, त्यांना माझं भरीत कशाला?”