'ऑर्किड'चा मालक

चंदनला घेऊन येणारी होडी किनाऱ्यावरून सुटलेली दिसली, तसा विराजने केबिनच्या भिंतीवरचा मालकाचा फोटो काढला आणि गादीखाली सरकवला. भिंतीवर फिकट चौकोन उरला. त्यावर त्याने भरती-ओहोटीचं कॅलेंडर लटकवलं.

'ऑर्किड' ही यॉट देवबागच्या खाडीत नांगरून होती. मालक मुंबईचा, क्वचित येणारा. बाकी सगळा कारभार वेंगुर्ल्याचे भाई बघत. विराज बोटीचा राखणदार. तो बोटीवरच राहायचा, डेक धुवायचा, इंजिन चालू करून बघायचा. पण गेल्या वर्षी वर्गातल्या कावेरीच्या लग्नात आरोंद्याचे शाळासोबती भेटले आणि कुणीतरी विचारलं, "सध्या काय करतंस रे?" समोर चंदन उभा होता. शाळेत कायम पहिला येणारा, पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतला चंदन. "माझी यॉट आसा," असं विराजच्या तोंडून निसटलं. मग त्या शब्दांना टेकू म्हणून मालकाच्या खुर्चीत बसलेला स्वतःचा फोटोही व्हॉट्सॲपवर टाकावा लागला.

फोटो फिरत फिरत भाईंपर्यंत गेला असेल, ही धाकधूक होतीच. आज सकाळी भाईंचा मेसेज आला: 'उद्या सकाळी येतो. बोटीवरच थांब.' आणि दुपारी चंदनचा फोन: "देवबागात पोचलंय. होडी बघतंय." नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

"पाय जपान!" विराजने हात पुढे केला. चंदनने आधी भलीमोठी सॅक वर दिली, मग एक नारळ, मग तो स्वतः चढला.

"इतक्या सामान कित्याक रे?"

"लागतला," चंदन हसला. "नारळ आईन दिल्यान. नव्या जाग्यार गाऱ्हाणा घातल्याशिवाय निजा नको, म्हणाली."

"ऱ्हवतलंस कितके दिवस?"

"तू सांगशीत तितके."

उद्या भाई यायच्या आत याला काठावर पोचवायला हवं होतं. नाहीतर नोकरीही जायची आणि अब्रूही, एकाच वेळी, एकमेकांच्या साक्षीने.

चहा झाला. "मालक असान चाय बरी करतंस मरे!" चंदन म्हणाला. मग त्याच्या प्रश्नांना सुरुवात झाली. पाण्याची टाकी कुठून भरायची? तळाशी साचलेलं पाणी उपसायचा पंप आपोआप सुरू होतो का? नांगर सरकला तर कळतं कसं?

उत्तर विराजच्या जिभेवर होतं. किनाऱ्यावरचा वाकडा माड आणि त्यामागचा मोबाइलचा टॉवर, दोन्ही एका रेषेत धरायचे. पाणी फिरलं की बोट नांगराभोवती फिरते, म्हणून तेव्हा पुन्हा बघायचं. पण हे मालकाला कशाला ठाऊक असेल?

"ता माका काय ठावक नाय. राखणदार बघता."

"खंय आसा तो?"

"सुट्टीर."

"माणूस कसो?"

विराजने डिझेलने काळवंडलेली बोटं टेबलाखाली नेली. "आळशी," तो म्हणाला. "आणि खोटारडो. काढूचोच आसा तेका."

स्वतःलाच शिव्या घालताना त्याचे कान तापले. चंदनने मात्र कप खाली ठेवला.

"तू काय तोंडान बोलाचंस नाय," तो हळूच म्हणाला. "पण माका कळाक नको?"

कळलं तर! विराजची नजर कॅलेंडरकडे गेली. त्याच्या कडेने फिकट पट्टी दिसत होती. हा सगळं ओळखून बसलाय आणि आता गंमत बघतोय.

"सकाळी तुका बेगीन काठार सोडतंय," तो घाईने म्हणाला. "माका एक काम आसा."

"माका? सकाळी?" चंदन खो खो हसला. "मस्करी पुरे झाली रे. चल, सूर्य बुडाच्या आत नारळ ठेवया."

भरती लागली होती. बोट वळून तिचं तोंड समुद्राकडे झालं होतं. चंदन चपला काढून पुढच्या टोकाला गेला. विराज त्याच्या मागे हात जोडून उभा राहिला. गाऱ्हाणं घालणाऱ्याने देवापुढे मनातलं सगळं मोठ्याने मांडायचं आणि ऐकणाऱ्याने दर वेळी होकार भरायचा. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. हातात नारळ असताना आरोंद्यात कुणी खोटं बोलत नाही. गाऱ्हाणं संपलं की चंदनला सगळं खरं सांगून टाकायचं, असं विराजने ठरवलं. ठरवल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं.

चंदनने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या खाडयेच्या धन्या! तुझ्या म्होरे नारळ ठेवतंय, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"पुण्याची नोकरी गेली. काम शोधून दमलंय, खंय गावला नाय. गावात तोंड दाखवूक लाज वाटा."

विराजने दचकून मान वर केली. "व्हय... म्हाराजा."

"तेच्या कानार ता कोणी घातला, तुकाच ठावक. ह्या होडयेचो मालक, माझो दोस्त! माका लाज वाटू नये म्हणान सोता एक शब्द बोललो नाय. भाईंच्या तोंडान निरोप धाडल्यान, असलेल्या राखणदाराक काढल्यान आणि उद्या सकाळपासून ती जागा माका दिल्यान. तेचा बरा कर. तेका कोणाम्होरे मान खाली घालूची पाळी आणू नको, म्हाराजा!"

नारळ धरलेले हात तसेच थांबले. चंदन होकाराची वाट बघत होता.

"व्हय म्हाराजा," विराज म्हणाला.