काजाचं माप

दिगंबर मास्तरांनी पिशवीतून नवा गणवेश काढला, शर्टाच्या काजात बोट घालून बघितलं आणि घाबरून पुन्हा एकदा घालून बघितलं. काज अगदी बटणाच्या मापाचं होतं. कुठल्याही शहाण्या शिंप्यानं करावं तसं.

"काय झालं, अण्णा?" त्यांची सून पद्मजा लेकीला, उल्काला, घेऊन दुकानात येत म्हणाली. "रिक्षा साडेदहाला येईल. बाईंनी अकराला बोलावलंय."

बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उल्काला शाळेत घ्यायला त्या तयार होत्या, पण एका अटीवर. खेळाच्या तासाला मुलं कपडे बदलतात, तेव्हा शर्टाची बटणं तिची तिला लावता आली पाहिजेत. आज त्यांच्यासमोर लावून दाखवायची होती. आणि गणवेश शाळेनं दिलेला, तयार.

उल्का नऊ वर्षांची. डाउन सिंड्रोममुळे तिची बोटं आखूड आणि जरा सैल. पेन्सिल धरली तरी दमायची. म्हणून थेरपीच्या मंदाकिनीताईंनी घरभर उद्योग मांडून ठेवले होते. दोरीला चिमटे लाव, कणकेच्या गोळ्यात लपवलेले वाटाणे काढ, बाटलीत एकेक राजमा टाक. आजोबा शिंपी आहेत म्हटल्यावर त्यांनाही काम मिळालं. तिच्या शर्टांना आधी मोठी काजं करा, मग दर महिन्याला एकेक सूत लहान करत आणा.

मास्तरांनी पहिली काजं एवढी मोठी केली की बटण आपसूक आत जावं. पोरगी काय खूश! मग लहान करायची पाळी आली आणि मास्तरांचा धीर होईना. दर महिन्याला सुनेला सांगायचे, "केलं हं एक सूत कमी." कसलं काय! चार महिन्यांत काज तसूभर हललं नव्हतं.

"पद्मजा," मास्तर खाली बघत म्हणाले, "मी काजं लहान केलीच नाहीत."

"म्हणजे?"

"पहिली होती तीच आहेत. तिचं अडलेलं बघवत नव्हतं मला."

गणवेश टेबलावर टाकून ते खाली बसले. पद्मजा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चार महिने, अण्णा? मी सगळ्यांना सांगत सुटलेय की माझी मुलगी तयार झाली! आता तिथं तिला जमलं नाही तर काय सांगू तिला? आजोबांची माया आडवी आली म्हणून?"

चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला गप्प करण्यात हा माणूस पटाईत. "शर्ट घट्ट होतोय" म्हणणाऱ्याला "शर्ट होता तेवढाच आहे" म्हणून वाटेला लावणारा. आज नुसता टेप गुंडाळत बसला.

"झालं," मागून उल्का म्हणाली.

दोघं वळले. गणवेशाचा शर्ट टेबलावर नव्हता, उल्काच्या अंगात होता. बटणं लावलेली. जीभ अजून ओठाबाहेर, नाकावर घाम.

"अगं, कुठं शिकलीस हे?" मास्तरांनी विचारलं.

"दुकानात. गिऱ्हाइकांचे शर्ट."

पलीकडच्या मशीनवर सर्जेराव, मास्तरांचे जुने कारागीर, हसायला लागले. "आता सांगूनच टाकतो, मास्तर. होळीपासनं घडी घालायच्या शर्टांची बटणं हीच लावती. आधी तासाला एक व्हायचा. आता माझ्याआधी ढीग संपिवती."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगून? जरा अडलेलं दिसलं असतं, की तुमी तिच्या हातातनं शर्ट काढून घेतला असता."

मास्तरांना ते लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. पण त्या लागण्याला मागं सारून आनंदच असा उसळला की डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी उगीचच टेप घेऊन टेबल मोजायला सुरुवात केली. पद्मजाला मात्र लपवालपवी जमली नाही. तिनं लेकीला उचलून गरागरा फिरवलं.

खाली ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. "अगं बाई, एक घर चुकलंय!" शर्टाची एक बाजू खाली लोंबत होती.

मास्तरांचा हात पुढं गेलाच. उल्कानं त्यावर फटका मारला. "माझं आहे!"

"राहू द्या, अण्णा," पद्मजा म्हणाली. "जाऊ दे अशीच."

बाहेर रिक्षा येऊन थांबली. मास्तर उठले. आपल्या पांढऱ्या शर्टाची सगळी बटणं त्यांनी सोडली आणि एक घर चुकवून पुन्हा लावली.

"हे काय आता?"

"बाई काही बोलल्याच तर सांगेन, आमच्या घराण्यात अशीच लावतात."

आणि बिबवेवाडीतला एवढा नावाजलेला शिंपी वाकडा शर्ट घालून भर रस्त्यात आला.

उल्का रिक्षात चढता चढता थांबली. तिनं आजोबांच्या शर्टाकडे नीट बघितलं.

"आजोबा, चुकलं!"

ती खाली उतरली. त्यांच्या पोटाशी उभी राहून तिनं एकेक बटण सोडलं आणि खालून पुन्हा लावायला घेतलं. पहिलं लागलं. दुसरं लागलं. तिसरं अडलं, अर्धं काजात, अर्धं बाहेर. पद्मजानं घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडून दिलं.

"काका, उशीर होतोय," रिक्षावाला वैतागला. "तुम्हीच लावा की पटकन!"

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "काम चालू आहे." आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन त्यांनी एका हातानं दुसरा घट्ट धरून ठेवला.