तीनपर्यंत मोजायचं

"डावा डोळा झाक आणि आईकडे बघ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुलीनं डावा डोळा झाकला आणि ती उजव्यानं समोरच्या खुर्चीकडे बघत राहिली. "खांदे दिसतात. कान दिसतात. मध्ये चेहराच नाही."

आईनं हसून दाखवलं. ते हसूही त्या मधल्या ठिपक्यात गेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या आतला फोटो पडद्यावर लावला. नारिंगी गोल होता आणि त्याच्या बरोबर मधोमध मोहरीएवढा फिकट डाग. "इथं भाजलंय. कडेचं दिसत राहील. मधलं परत येईल असं सांगून मी तुम्हाला खोट्या आशेवर ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. "कुणी मारला गं डोळ्यावर उजेड?"

"मारला नाही कुणी. मीच बघत होते. एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदाच गाणार होते ना! आई म्हणाली, घाबरलीस तर हिरव्या उजेडाकडे बघ, तिथं मी आहे."

"पण तो आमचा दिवा नसणार," आई घाईघाईनं म्हणाली. "सगळा हॉल असले लेझर घेऊन नाचत होता. बाजारात काय वाट्टेल ते मिळतं हल्ली. आमचा माल तपासलेला असतो. हे दिवे बनतात त्याच कारखान्यात मी आहे डॉक्टर, तपासणीच्या टेबलावर. आणि मी तिच्या डोळ्यावर नव्हताच धरला, गळ्याखाली धरला होता. आता टाळ्या वाजल्या तेव्हा हात हलला असेल, नाही कशाला म्हणू?"

"तो दिवा आणलाय?"

आणला होता. आईनं पर्समधून बोटाएवढा काळा दिवा काढला आणि मुलीचं प्रगतिपुस्तक ठेवावं तसा टेबलावर ठेवला. त्यावरच्या चिठ्ठीवर 'डोळ्यांना अपाय नाही' असं छापलेलं होतं. खाली तपासणाऱ्याचा नंबर होता, सात. सात नंबर तिचाच. घरच्या कार्यक्रमाला बाहेरचा माल कशाला, म्हणून तिनं स्वतः पास केलेल्या खोक्यातून निवडून आणला होता.

"मशिनवर तपासता?"

"मशिन होतं. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेलं, ते तिकडेच घरजावई झालं." कुणी हसलं नाही. "तेव्हापासून हातावर बघतो. उजेड तळहातावर धरायचा आणि तीनपर्यंत मोजायचं. चटका बसला तर बाद, नाही बसला तर पास. नवीन पोरी रोज दहा-वीस बाद करतात, नुसतं ऊई-आई चाललेलं असतं. माझ्या हातून महिनोन् महिने एक बाद होत नाही. साहेब म्हणतात, टेबलावर तुम्ही असलात की मला काळजी नाही."

साहेबांना काळजी कशाला असेल! आयतंच मशिन मिळालं होतं, तेही न कुरकुरणारं.

"तोंड भिंतीकडे कर," डॉक्टरीणबाईंनी मुलीला सांगितलं. मग दिवा उचलला, स्वतःच्या तळहातावर धरला आणि बटण दाबलं. एक म्हणायच्या आत त्यांनी हात झटकला.

"बसतो चटका," त्या म्हणाल्या.

"तुमचे हात नाजूक," आई म्हणाली. "इकडे द्या."

तिनं दिवा घेतला. सराईतपणे कोपर टेबलाला टेकवलं आणि बटण दाबलं. तळहाताच्या मधोमध हिरवा ठिपका बसला. "एक. दोन. तीन." तिनं मान वर केली. चेहऱ्यावर सुटकाच होती. "बघा. काही नाही. म्हटलं ना, आमचा नाही म्हणून!"

डॉक्टरीणबाई दिव्याकडे बघत नव्हत्या, हाताकडे बघत होत्या. तपासणीला बसायच्या आधी नऊ वर्षं आईनं त्याच कारखान्यात कथलाचे डाग देऊन तारा जोडल्या होत्या. तापलेल्या सळईशी खेळून खेळून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती आणि तळहाताला जाड, पिवळट कातडं धरलं होतं.

भिंतीकडे तोंड केलेली मुलगी हळूच म्हणाली, "आई, तू गरम पातेलं सांडशीशिवाय उतरवतेस."

घरात हे वाक्य नेहमी कौतुकानं म्हटलं जायचं. आल्या-गेल्याला सांगितलं जायचं, आमच्या आईला सांडशी लागत नाही. आई "पुरे गं" म्हणायची आणि मुद्दाम दुसरं पातेलंही तसंच उतरवून दाखवायची.

आज आईनं स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. दोन वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेली खोकी तिला आठवली. प्रत्येकावर सात नंबर. ती कुठल्या कुठल्या गावी पोचली असतील, कुठल्या वाढदिवसाला फुटली असतील, कुणाकुणाची पोरं त्या उजेडाकडे बघत नाचली असतील. आणि एक दिवा तर तिनं स्वतःच नेला होता, पहिल्या रांगेत बसायला मिळालं म्हणून फुशारून. तिचा अंगठा मात्र बटणावरच होता.

"बंद करा ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चार," ती म्हणाली. "पाच. सहा."

"अहो, बंद करा. हात भाजेल."

हिरव्या ठिपक्याभोवतीचं कातडं लाल होत चाललं होतं. मुलगी वळली, तिनं आईचं मनगट धरलं आणि ओढलं. आईनं ते सोडवून घेतलं आणि दिवा आणखी जवळ आणला.

"थांब गं," ती म्हणाली. "बसेल चटका. आत्ता बसेल."