गावची काठी

"काठी मिळणार नाही," ताता क्रिसोफोरो म्हणाले आणि चावडीच्या पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी गावच्या कारभाराची ती काठी गुडघ्यांमध्ये आणखी घट्ट धरली.

ओहाकाच्या डोंगरातलं ते सगळं गाव चौकात गोळा झालं होतं. उत्तरेकडून आलेल्या सिनेमावाल्यांनी कारंज्याजवळ कॅमेरा मांडला होता. सिनेमा होता परदेशातून आलेला सम्राट आणि याच डोंगरात जन्मलेला राष्ट्राध्यक्ष यांच्या लढाईचा. सम्राट झालेला नट सोनेरी दाढी लावून खुर्चीत कॉफी पीत बसला होता. त्याचा मुकुट पुठ्ठ्याचा. सकाळपासून गावातल्या निम्म्या बायकांनी तो घालून पाहिला, त्याने हूं की चूं केलं नव्हतं.

राष्ट्राध्यक्ष झालेला नट काळ्या कोटात बाजूला उभा होता. चेहऱ्याला तपकिरी रंग. लढाईला निघताना डोंगरातले लोक त्याच्या हाती आपली काठी देतात आणि त्याच्यापुढे टोप्या काढतात, असा आजचा प्रसंग होता.

"ताता, तासाभराचा तर प्रश्न आहे," शहरातून आलेली दुभाषी ओफेलिया म्हणाली. "मी स्वतः परत आणून देते."

"पोरी, काठी म्हणजे काय छत्री आहे, पाऊस थांबला की परत करायला?"

लोक हसले. दिग्दर्शक मात्र वैतागला. त्याने हुकूम सोडला आणि कुणीतरी पेटीतून दुसरी काठी काढून आणली. सोनेरी रंगाची, वर लाल गोंडे. वरातीतल्या घोड्याला शोभली असती.

ती बघून तातांनी तोंड फिरवलं. आपला माणूस उद्या जगभरच्या पडद्यांवर दिसणार, आणि त्याच्या हातात हे? राष्ट्राध्यक्षाच्या हाती खरी काठी असावी असं कुणाला वाटत होतं, तर सगळ्यांत जास्त त्यांनाच.

"द्या की मग," मागून त्यांची बायको तोमासा पुटपुटली. "आपल्याच माणसाचा सिनेमा आहे."

"आपला माणूस कधीच गेला. हा त्याचा नुसता कोट घालून आलाय."

एवढ्यात तो नटच पुढे आला. त्याने ओफेलियाला काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय, तुम्हाला ही कशी मिळाली?"

"झाडू मारून," ताता म्हणाले. "मिसरूड फुटलं तेव्हा वर्षभर हा चौक झाडला. मग डोंगर ओलांडून गावाचे निरोप पोचवले. कोठडीवर पहारे दिले, देवळातल्या मेणबत्त्या सांभाळल्या. एक पैसा न घेता. डोकं पांढरं झालं, तेव्हा गावाने हाती दिली. सांग त्याला, इथे काठी मागून मिळत नाही."

ओफेलियाने सांगितलं. नटाने काळा कोट काढून तिच्या हातात दिला आणि चावडीच्या भिंतीला टेकलेला काटक्यांचा झाडू उचलला.

आयुष्यात कधी झाडू धरलेला माणूस नव्हता तो. वाऱ्याच्या तोंडाला झाडत होता, धूळ सगळी अंगावर घेत होता.

"अहो राष्ट्राध्यक्ष, कोपरा राहिला," कारंज्याजवळची एक बाई ओरडली.

"घरी बायको नाही वाटतं."

"आहे गं. म्हणूनच झाडता येत नाही."

त्याला शब्द कळत नव्हते, हसू कळत होतं. तरी तो थांबला नाही. घामाने चेहऱ्याचा रंग ओघळला, खालचा गोरा माणूस दिसायला लागला. रंगवाला स्पंज घेऊन धावत आला, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं. ऊन चाललंय म्हणून दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला होता. झाडता झाडता नट सम्राटाच्या खुर्चीशी आला. सम्राटाने कप सांभाळत दोन्ही पाय वर उचलले. राष्ट्राध्यक्षाने खालचा कचरा काढला आणि पुढे गेला. गावाला ते फार आवडलं.

कचऱ्याचा ढीग करून तो पायऱ्यांशी आला, धापा टाकत. आता सगळ्यांचे डोळे काठीवर होते. तातांनी चौक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिला. काठीवरची त्यांची पकड क्षणभर सैल झाली आणि पुन्हा घट्ट झाली.

"बरं झाडलंस," ते म्हणाले. "उद्या पहाटे पुन्हा ये. वर्षभर असंच झाडलंस की तुला निरोप्या करू. मग पुढचं पुढे."

ओफेलियाने चाचरतच सांगितलं. नट आधी हसला. मग हसू आवरून त्याने मान लववली, आणि काठीचं नाव काढलं नाही. दिग्दर्शकाने सोनेरी काठी पुढे केली, ती त्याने घेतली आणि सरळ सम्राटाच्या मांडीवर नेऊन ठेवली. कोट चढवला. झाडू हातात तसाच ठेवून तो चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

दिग्दर्शक बराच आरडाओरडा करून दमला. ऊन उतरायला लागलं होतं. शेवटी त्याने कॅमेरा सुरू करायला सांगितला.

सकाळपासून तालमीत तीनदा सांगूनही गावात एकानेही टोपी काढली नव्हती. आता ताता पायरीवरून उठले. डाव्या हातात काठी उभी धरली आणि उजव्या हाताने टोपी काढली. त्यांच्यामागून सगळ्या गावाने काढली. धुळीने माखलेला, चेहऱ्यावर रंगाचे ओघळ आलेला तो माणूस झाडू धरून ताठ उभा होता. तातांना वाटलं, आपला माणूसही निघताना असाच दिसला असेल.

दिग्दर्शकाने हात वर केला.

"झालं, ताता," ओफेलिया म्हणाली. "कॅमेरा बंद झाला. घाला आता टोप्या."

कुणीच घातली नाही. चौकाच्या मधोमध उभ्या त्या माणसावरची नजर न काढता ताता म्हणाले,

"कॅमेऱ्यासाठी कोणी काढल्यात?"