सवय होईल

शिलाई मशीन दोघांनी उचललं होतं. एका बाजूला जुन्या मशीनचा व्यापारी, दुसऱ्या बाजूला शिवणकाम करणाऱ्या बाईची लेक. बाई भिंतीशी उभी. तीस वर्षं ज्या चाकाला तिनं तेल घातलं, ते चाक दाराकडे निघालेलं तिला नीट दिसतही नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला चष्मेवाला धापा टाकत दारात आला.

“मावशी, मशीन कुठं निघालं?”

“विकलं,” लेकच बोलली. “आईची नजर गेली. परवा बाही गळ्याला जोडली तिनं. गिऱ्हाईकं हसली आणि उठून गेली.”

चष्मेवाल्यानं खिशातून एक डबी काढली. “नजर नाही गेली. तुमचा चष्मा दुसऱ्या घरी गेला आणि त्या घरचा तुमच्या नाकावर बसला. फ्रेमी सारख्याच होत्या, मी डब्या उलट्या दिल्या. ते गृहस्थ आज दुकानात येऊन कडाकडा भांडले, तेव्हा कळलं.”

“मी तर तिसऱ्याच दिवशी आले होते,” बाई हळूच म्हणाली. “धूसर दिसतं म्हटलं. तुम्ही म्हणालात, नवा आहे, सवय होईल. महिनाभर करतेय सवय.”

चष्मेवाल्याची मान खाली गेली. “तपासायला दोन मिनिटं लागली असती. मी नाही तपासलं.”

बाईनं डबीतला चष्मा चढवला. मशीनपाशी आली, वाकली. सुई दिसली, सुईचं टोक दिसलं, टोकाजवळचं नेढं दिसलं, नेढ्यात अडकलेला तांबड्या दोऱ्याचा तुकडाही दिसला. तिनं व्यापाऱ्याचा हात मशीनवरून बाजूला केला.

“चष्मेवाले, अर्धा तास उशिरा आला असतात तर माझं भलं झालं असतं!” व्यापारी हसला आणि त्यानंच लेकीला हात लावायला सांगून मशीन पुन्हा खिडकीखाली नेऊन ठेवलं.

“चष्म्याचे पैसे परत करतो, मावशी. बुडालेलं कामही भरून देतो.”

“ते तर द्यालच,” लेक म्हणाली. “आधी लिहून द्या. तोंडी नको, दुकानाच्या पावतीवर. गेलेल्या गिऱ्हाइकांना आई काय दाखवणार?”

त्यानं पावतीपुस्तक मशीनच्या फळीवर टेकवलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बाईनं पावती हातात घेतली आणि कुणाला न विचारता, कुठं न अडखळता वाचली:

“चुकीचा चष्मा माझ्या दुकानानं दिला. बाई तक्रार घेऊन आल्या, तरी मी तपासलं नाही. त्यांची नजर आणि त्यांचा हात, दोन्ही शाबूत आहेत.”

“तुम्ही पुन्हा यायचं होतं, मावशी,” चष्मेवाला म्हणाला. “भांडायचं होतं माझ्याशी. हक्क होता तुमचा.”

“भांडले की! रोज भांडले. या डोळ्यांशी.”

तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि मिटल्या पापण्यांवरून अलगद बोटं फिरवली. तापातून उठलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावीत तशी.

“ऐकलंत ना रे, बाबांनो? उगाच बोलले तुम्हाला.”